प्रेषक कोण?

ईमेलमधली 'फ्रॉम' ही ओळ नक्की कोण लिहितं?

आमच्या टीममध्ये कोणी नवीन आलं की मी हा प्रश्न हटकून विचारतो. बहुतेक जण म्हणतात, "सर्व्हर." इंजिनीअरिंगची चार वर्षं काढून आलेलेही तेच म्हणतात. खरं उत्तर ऐकल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ती ओळ पाठवणारा स्वतःच लिहितो. हवं ते नाव, हवा तो पत्ता.

तुमच्या सोसायटीच्या गेटवर एक रजिस्टर असेल. आमच्या भाईंदरच्या सोसायटीत आहे. येणाऱ्याने नाव लिहायचं, फ्लॅट नंबर लिहायचा, वेळ टाकायची, सही करायची. वॉचमनकाका फक्त ओळ भरली की नाही एवढं बघतात. उद्या कोणी 'सुनील गावसकर, 402' असं लिहून वर गेला तरी काका म्हणणार, "लिफ्ट उजवीकडे." ईमेलचं फ्रॉम म्हणजे हेच रजिस्टर.

मी मेल सिस्टीम सांभाळणाऱ्या टीममध्ये काम करतो, त्यामुळे या रजिस्टरशी माझा रोजचा संबंध. आज त्याचीच गोष्ट सांगतो. ती अमेरिकेत सुरू होते, लाहोर, पुणे, मनिला असे थांबे घेते आणि 2016 च्या ऑक्टोबरात चक्क आपल्या मीरा रोडला येऊन पोचते. गाडी स्लो आहे, जरा धीर धरा :)

दोन वेगळ्या यंत्रांमधला पहिला ईमेल रे टॉमलिन्सन या इंजिनीअरने 1971 मध्ये पाठवला. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्या मधलं 'ॲट'चं चिन्हही त्याचंच. पण आज जगभरातले मेल सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती एसएमटीपी ही भाषा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये लिहून काढली. भाषा इतकी साधी आहे की तिचं मराठी असं होईल: "नमस्कार, मी अमुक यंत्र. हे पत्र अमक्याकडून आहे. तमक्याला द्यायचं आहे. मजकूर असा." प्रत्येक वाक्यानंतर पलीकडचा सर्व्हर '250' असा आकडा परत पाठवतो. म्हणजे "बरं, ठीक आहे."

यात एक बारकावा आहे. नाव दोनदा लिहिलं जातं. एकदा सर्व्हरला सांगताना, म्हणजे पाकिटावर. आणि दुसऱ्यांदा आतल्या पत्राच्या माथ्यावर. वाचणाऱ्याला दिसतं ते पत्राच्या माथ्यावरचं. पाकिटावर एक आणि आत दुसरंच नाव असलं तरी 1982 च्या नियमांत कोणाचीच हरकत नव्हती. पत्राच्या माथ्यावर टपालाच्या शिक्क्यांसारख्या 'रिसीव्ह्ड' नावाच्या ओळीही चढत जातात, वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली एक ओळ टाकतो. पण त्या कोण वाचतो? मेल प्रोग्रॅम त्या लपवूनच ठेवतो.

पोस्टेलसाहेबांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हाच्या अर्पानेटवर काहीशे यंत्रं होती, बहुतेक विद्यापीठांची, संशोधन संस्थांची आणि सैन्याची. खोटं नाव लावलं तर दुसऱ्या दिवशी कळणार. चाळीत दिवसा कोणी दाराला कडी लावत नाही, तसंच ते. पुढे या चाळीत अख्खं जग राहायला आलं. आपल्याकडे व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. दाराला कडी मात्र कोणी बसवली नाही.

आता व्हायरसकडे येऊ. व्हायरस आणि खोटं फ्रॉम या सुरुवातीला दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. आयबीएम पीसीवरचा पहिला मोठा व्हायरस म्हणजे 1986 मधला 'ब्रेन', लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीवरून पसरायचा, आणि गंमत म्हणजे त्याच्या आत त्या भावांचं खरं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला होता! इतका प्रामाणिक प्रेषक नंतर झाला नाही.

फ्लॉपीच्या त्या दिवसांत आपल्याकडचंही एक दुकान मोठं झालं. मूळचे साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला आलेल्या मशिनांमध्ये व्हायरस सापडू लागले तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढण्यासाठी प्रोग्रॅम लिहिले. त्यातून 1995 च्या सुमारास 'क्विक हील' उभं राहिलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. अँटिव्हायरसचं काम काय? दारात आलेली वस्तू उघडून बघणं, ओळखीच्या विषाशी ताडून बघणं. वस्तू कोणी पाठवली, हे तो विचारत नाही. फ्लॉपीच्या काळात गरजही नव्हती, कारण फ्लॉपी देणारा समोर उभा असायचा.

मार्च 1999 मध्ये 'मेलिसा' आला आणि व्हायरसला टपालखातं सापडलं. वर्डची फाइल उघडली की तो आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवायचा. 4 मे 2000 ला मनिलाहून 'आय लव्ह यू' निघाला. त्याने पन्नासाची मर्यादाही काढली, सरसकट सगळ्यांना प्रेमपत्र. जोडलेल्या फाइलचं नाव 'टीएक्सटी' वर संपल्यासारखं दिसायचं, कारण विंडोज खरं शेपूट, म्हणजे 'व्हीबीएस', लपवायचं. या दोघांमध्ये फ्रॉम मात्र खरं होतं. तुमच्या साहेबांच्या मशिनला लागण झाली तर साहेबांच्याच नावाने प्रेमपत्र येणार. लोकांनी ते उघडलं ते याच भरवशावर, की माणूस ओळखीचा आहे.

मग सगळीकडे एक सल्ला सुरू झाला: अनोळखी माणसाची मेल उघडू नका, आणि ओळखीच्याकडून विचित्र काही आलं तर त्याला कळवा. ठीकच होता सल्ला. 'क्लेझ'ने तो मोडीत काढला.

क्लेझ 2001 च्या शेवटी आला आणि 2002 च्या एप्रिलमधल्या आवृत्तीने जग व्यापलं. व्हायरस लिहिणाऱ्याने 1982 ची ती मोकळी ओळ बरोबर हेरली होती. समजा लागण झाली बोरिवलीच्या जोशींच्या मशिनला. क्लेझ त्यांच्या मशिनमधले सगळे पत्ते गोळा करायचा, त्यातला एक उचलून फ्रॉममध्ये टाकायचा आणि दुसरा 'टू'मध्ये. म्हणजे मेल मिळाली नाशिकच्या पाटलांना, पाठवणारी दिसली दादरची कुलकर्णी, आणि ज्यांच्या मशिनमध्ये रोग आहे ते जोशी चित्रातच नाहीत. पाटील कुलकर्णीला फोन करून झापणार. ती बिचारी रात्रभर मशिन स्कॅन करत बसणार. मशिन स्वच्छ. आणि जोशी निवांत.

त्याहून वाईट म्हणजे कंपन्यांच्या गेटवर बसवलेले अँटिव्हायरस आपोआप उत्तर पाठवायचे: "तुम्ही आम्हाला व्हायरस पाठवलात." कोणाला? कुलकर्णीलाच! क्लेझच्या काही मेल तर 'क्लेझपासून संरक्षण' देणारं औषध म्हणून यायच्या, आणि त्यात लिहिलेलं असायचं की हे चालवताना अँटिव्हायरसने आरडाओरडा केला तर लक्ष देऊ नका. मग जानेवारी 2004 मध्ये आलेल्या 'मायडूम'ने परत आलेल्या मेलचंच सोंग घेतलं. "तुमची मेल पोचली नाही, तपशील सोबतच्या फाइलमध्ये." खोट्या फ्रॉममुळे जगात परतीच्या मेलचा इतका कचरा झाला होता की त्यात आणखी एक कोणाच्या लक्षात येणार?

क्लेझचं महत्त्व इथेच आहे. मशिन स्वच्छ ठेवणं आणि प्रेषक ओळखणं हे तोवरचे दोन वेगळे प्रश्न त्याने एकत्र बांधले.

कडी बसवायचं काम 2003 च्या आसपास सुरू झालं. तीन तुकड्यांत झालं, आणि तिन्ही गेटच्या भाषेत सांगता येतात.

पहिला एसपीएफ, एप्रिल 2006 मध्ये छापला गेला. डोमेनचा मालक जाहीर यादी लावतो की माझ्या नावाने फक्त हे हे सर्व्हर मेल पाठवतील. वॉचमनकडे दूधवाला आणि पेपरवाल्याची यादी असावी तशी. अडचण अशी की तो पाकिटावरचं नाव तपासतो, आतल्या पत्रावरचं नाही. दुसरा डीकेआयएम, मे 2007. यात पाठवणारा सर्व्हर मेलवर गणिती सही करतो, जुन्या काळच्या लाखेच्या सीलसारखी. वाटेत मजकूर बदलला तर सील तुटतं. तिसरा डीमार्क, 2012 मध्ये जाहीर झाला आणि मार्च 2015 मध्ये त्याचं स्पेसिफिकेशन छापलं गेलं. यात पहिल्यांदा वाचणाऱ्याला दिसणारं फ्रॉम पहिल्या दोघांशी जुळवून पाहिलं जातं, आणि नाही जुळलं तर काय करायचं हे मालक आधीच सांगून ठेवतो: सोडून दे, स्पॅममध्ये टाक, किंवा गेटवरूनच हाकल.

हे सगळं ऐच्छिक होतं. रोज पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने डीमार्क सक्तीचं केलं ते फेब्रुवारी 2024 मध्ये, याहूनेही त्याच वेळी असाच नियम आणला. ऑगस्ट 1982 ते फेब्रुवारी 2024. साडेएकेचाळीस वर्षं लागली, तीही अर्ध्या कडीला.

अर्धी का? कारण ही सगळी तपासणी डोमेनची आहे, माणसाची नाही. तुमच्या बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून कोणी नवं डोमेन घेतलं आणि त्यावर तिन्ही गोष्टी व्यवस्थित लावल्या, तर ती मेल तिन्ही परीक्षा पास होते. शिवाय मोबाइलवर आपल्याला पत्ता दिसतच नाही, फक्त नाव दिसतं, आणि नावाची तपासणी आजही कोणी करत नाही.

आणि तोवर धंदा मेलवरून फोनवरही पसरला होता. आता आली आपली गाडी मीरा रोडला.

इंटरनेटवरून फोन लावण्यासाठी सिप नावाचा प्रोटोकॉल वापरतात. जून 2002 मध्ये छापलेला त्याचा दस्तऐवज उघडून बघा, त्यातही 'फ्रॉम' नावाची ओळ आहे आणि तीही फोन लावणाऱ्याकडूनच भरून येते. म्हणजे समोरच्याच्या स्क्रीनवर कोणता नंबर दिसावा हे वाटेतल्या कंपनीने अडवलं नाही तर लावणारा ठरवणार. पुन्हा तेच रजिस्टर.

ऑक्टोबर 2016 च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधल्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. साडेसातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं, त्यातल्या सत्तर जणांना अटक झाली. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये दुसरा विषय नव्हता.

तिथे चालायचं ते असं. अमेरिकेतल्या एखाद्या घरात फोन वाजायचा. "मी आयआरएसमधून बोलतोय." आयआरएस म्हणजे तिथलं इन्कम टॅक्स खातं. "तुमचा कर थकलाय. आत्ता भरला नाहीत तर अर्ध्या तासात पोलीस दारात येतील. फोन ठेवू नका. दुकानात जा, गिफ्ट कार्ड घ्या आणि त्यावरचा नंबर मला वाचून दाखवा." बोलणाऱ्याचं नाव अमेरिकन, समोर दिसणारा नंबर अमेरिकेतला, हातात लिहून दिलेली स्क्रिप्ट. पलीकडे बऱ्याचदा म्हातारी माणसं किंवा नुकतेच स्थायिक झालेले, सरकारी पत्राला घाबरणारे लोक.

अशा टोळ्यांचा पसारा एका गावापुरता नव्हता. त्याच महिन्यात, 27 ऑक्टोबरला, अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या अशाच प्रकरणात 56 माणसं आणि पाच कॉल सेंटर मिळून 61 आरोपींची नावं जाहीर केली. जुलै 2018 मध्ये ह्यूस्टनच्या कोर्टाने त्यातल्या अमेरिकेत पकडलेल्या साथीदारांना शिक्षा सुनावल्या, काहींना 20 वर्षांपर्यंत.

मला या प्रकरणातला एक तपशील विसरता येत नाही. जानेवारी 2017 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की मीरा रोडच्या त्या धंद्यात काम करणाऱ्या दोन अगदी तरुण मुलांनी, माझ्याच वयाच्या आसपासच्या, स्वतःहून अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनला फोन करून आत काय चाललंय ते सांगितलं होतं. जरा विचार करा. खोटं फ्रॉम लावून दिवसाला शेकडो फोन जाणाऱ्या गावातून एक खरा फोन जातो. पलीकडच्या अधिकाऱ्याला परदेशी उच्चाराचा एक अनोळखी आवाज ऐकू येतो. त्यावर विश्वास का ठेवावा? स्क्रीनवर खऱ्या आणि खोट्या फोनमध्ये काहीच फरक नसतो. त्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं, म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. खोट्या फ्रॉममुळे फसणाऱ्यांचं नुकसान होतं हे सगळेच म्हणतात. खरं बोलणाऱ्याचंही होतं, हे फार कमी लोक म्हणतात. आणि मीरा रोडचं नाव ऐकल्यावर पुढची काही वर्षं लोक जसे हसायचे, ते इथे राहणाऱ्या कोणालाही विचारा.

हे सगळं बेकायदा नाही का? आहे, पण त्याचीही एक गोष्ट आहे, आणि तीही आपल्याच पश्चिम रेल्वेवरची. भारताचा आयटी कायदा 17 ऑक्टोबर 2000 ला लागू झाला. व्हायरस सोडणाऱ्याकडून भरपाई मागण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती, कलम 43 मध्ये. ('आय लव्ह यू'च्या वेळी फिलिपिन्समध्ये तसा कायदाच नव्हता, त्यामुळे संशयिताला सोडून द्यावं लागलं.) खोट्या प्रेषकाचा स्पष्ट उल्लेख आला तो 2008 च्या दुरुस्तीत, जी 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली. कलम 66-अ, पोटकलम 'क': मेल कुठून आली याबद्दल वाचणाऱ्याला फसवणं हा गुन्हा.

पण त्याच 66-अ मध्ये 'त्रासदायक', 'आक्षेपार्ह' असे ढगळ शब्दही होते. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, एकीने लिहिलं म्हणून आणि दुसरीने लाइक केलं म्हणून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यावरून श्रेया सिंघल यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि 24 मार्च 2015 ला कोर्टाने पूर्ण 66-अ रद्द केलं. निकाल योग्यच होता. पण ढगळ शब्दांबरोबर खोट्या प्रेषकाचं पोटकलमही गेलं. आता अशा गुन्ह्याला 66-क (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि 66-ड (तोतयेगिरी करून फसवणं) लावतात. म्हणजे खोटं नाव लावून कोणाची तरी ओळख चोरली किंवा कोणाला तरी फसवलं हे दाखवावं लागतं.

मग पैसे गेले तर कोणाचे? पुण्याचं एक प्रकरण बोलकं आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका उद्योजकाने बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या मेलला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून 80 लाखांहून जास्त रक्कम गेली. आयटी कायद्याखाली अशा तक्रारींचा निवाडा राज्याचे आयटी सचिव करतात. महाराष्ट्राचे तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी 2013 मध्ये बँकेला 45 लाख भरपाई द्यायला सांगितलं. पूर्ण रक्कम नाही, कारण मेलला उत्तर दिल्याची जबाबदारी ग्राहकाचीही धरली. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. गेट बँकेचं आहे, पण दार आपण उघडलं.

आता गेल्या काही वर्षांत आपल्याकडे काय चाललंय ते बघा. "मी सीबीआयमधून बोलतोय. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय. फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका." 2024 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं की कायद्यात अशी अटकच नाही. त्याच महिन्यात, 22 तारखेला, दूरसंचार खात्याने परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवायची यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत तिने 1 कोटी 35 लाख कॉल अडवले! स्क्रिप्ट ओळखीची वाटतेय ना? खातं बदललं, गिफ्ट कार्डच्या जागी बँक ट्रान्सफर आला. "फोन ठेवू नका" तसंच राहिलं. मीरा रोडहून अमेरिकेतल्या आजीला ऐकवलेलं वाक्य आज भाईंदरच्या आजीला ऐकवलं जातंय.

तर करायचं काय? मी घरी आणि ऑफिसात जे सांगतो तेच इथे लिहितो.

तुम्ही न पाठवलेल्या मेल 'पोचल्या नाहीत' म्हणून परत येत असतील तर आधी सेंट फोल्डर आणि लॉगिनची यादी बघा. तिथे काही नसेल तर बहुधा तुमचं खातं शाबूत आहे, कोणीतरी फक्त तुमचं नाव लिहितोय. पासवर्ड बदलून ते थांबणार नाही, तरी बदला आणि टू-स्टेप लावा. संशय आला तर जीमेलमध्ये 'ओरिजिनल दाखवा' करून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कपुढे पास लिहिलंय का बघा. नापास असेल तर सरळ कचऱ्यात. पास असेल तर एवढंच कळलं की डोमेन खरंच त्या मालकाचं आहे. मालक कोण, हे तुम्हीच बघायचं.

स्वतःचं किंवा कंपनीचं डोमेन असेल तर डीमार्क लावा. आधी नुसतं बघण्याच्या पातळीवर ठेवा, काही आठवडे रिपोर्ट वाचा, आणि आपले सगळे खरे सर्व्हर यादीत आले की नकाराची पातळी लावा. पहिल्याच दिवशी नकार लावलात तर तुमच्याच एचआरच्या मेल गेटवर अडकतील :)

आणि प्रेषक खरा निघाला म्हणून व्हायरसचं काम सोडू नका. 27 जून 2017 ला 'नॉटपेट्या' पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. प्रेषक शंभर टक्के खरा, माल विषारी. तो मर्स्क कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या टर्मिनलपर्यंत पोचला आणि काम ठप्प झालं. म्हणून अँटिव्हायरस, अपडेट आणि मुख्य म्हणजे मशिनपासून तोडून ठेवलेला बॅकअप हवाच. फाइलचं पूर्ण शेपूट दिसेल अशी विंडोजची सेटिंग करा. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून आपणहून बंद ठेवलेत, ते कोणाच्या सांगण्यावरून चालू करू नका.

उरला फोन. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त. पण त्याआधीचा उपाय एकच आणि फुकट आहे: फोन ठेवायचा, आणि पासबुकवर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. कोणाला फोन लावला जातोय हे निदान आपल्या हातात असतं. कोणाकडून आला हे 1982 पासून कधीच नव्हतं.

आपल्या आईबाबांच्या पिढीला हे जड जातं. पलीकडे कोणी 'साहेब' बोलत असताना फोन ठेवायचा म्हणजे त्यांना उद्धटपणा वाटतो. टोळीवाल्यांना ते पक्कं ठाऊक आहे, त्यांची सगळी स्क्रिप्ट त्यावरच उभी आहे. तेव्हा या रविवारी चहाच्या वेळी दहा मिनिटं काढा आणि त्यांना एवढंच सांगा, की खऱ्या साहेबाला परत फोन लावला तर तो रागावत नाही. हवं तर दोन-तीनदा सराव करून घ्या. आमच्या घरी घेतला. आई आता माझाही फोन ठेवते :)